बाळंतीण गिनीपिग व तिचीं पिलें

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताकडील प्राणी. डुकराशीं त्याचें कांहींहि नातें नाहीं. मादी व्याली असतां तिची जोपासना कशी करावी, याचा आम्हीं येथें विचार योजिला आहे.

गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. पिलें जन्मतःच केसाळ, दांत आलेलीं व उघड्या डोळ्यांचीं असतात; थोड्याच तासांत तीं धांवूं लागतात. म्हणून त्यांस आईची गरज नाहीं असें समजणें चूक होय. सुमारें तीन आठवडे तीं तिच्याजवळच असावींत; पुढें नर पिलें निराळीं करावींत. थोरला नर मात्र प्रसूतीपूर्वींच दूर ठेवावा. कारण व्याल्यावर कांहीं तासांतच मादीस पुन्हां गर्भ राहूं शकतो व तिला विसांवा मिळत नाहीं.

आतां आहाराविषयीं. १९०७ सालीं नॉर्वेंत होल्स्ट व फ्रोलिख यांस केवळ धान्यावर ठेविलेल्या गिनीपिगांत स्कर्व्ही रोग आढळला. 'क' जीवनसत्त्व हा प्राणी मनुष्याप्रमाणेंच स्वतः निर्माण करूं शकत नाहीं. तेव्हां आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत ज्वारी विपुल असली, तरी तेवढ्यानें भागत नाहीं. वाळलें गवत सदैव असावें आणि रोज कोथिंबीर किंवा पेरूची फोड द्यावी. बाळंतिणीस तर अधिकच. मलकापूर-खामगांवकडे वैशाखांत हिरवा पाला दुर्मिळ व ऊन प्राणघातक. तेव्हां पिंजरा गार सावलींत ठेवून पाणी वारंवार बदलावें.

कोंडलेला जीव आपला चारा शोधूं शकत नाहीं. ज्यानें दार लाविलें, त्याच्यावरच ईश्वरानें त्याचा भार ठेविला आहे.