आकडा मोठा म्हणून तेल भारी नसतं

हे बघ, इंजिन ऑइल तू वेळच्या वेळी बदलतेस, पण गिअरबॉक्सच्या तेलाचं विचारलं की म्हणतेस, "ते गॅरेजवाले बघतात." तसं करू नकोस गं. चुकीचं तेल पडलं तरी त्याच दिवशी काही कळत नाही. त्रास सुरू होतो काही महिन्यांनी, आणि तोवर आत काय ओतलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

"ताई, हे जीएल-५ आहे, जीएल-४ पेक्षा वरचं," असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नकोस. दोन्हींची कामं वेगळी आहेत. जीएल-५ मुख्यतः बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी. तिथे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. तुझ्या हॅचबॅकच्या गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रो रिंग असतात, पुष्कळदा पितळेच्या. तू गिअर टाकतेस तेव्हा ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घट्ट बसते आणि दोघांचा वेग सारखा करते. तिला थोडी पकड लागते. तेल फार निसरडं असलं की रिंग सटकते, गिअर करकरत पडतो. शिवाय काही जीएल-५ तेलांतलं गंधक गरम झाल्यावर पितळ खातं, ती झीज भरून येत नाही.

जाडीचंही तसंच. ७५डब्ल्यू-८० सांगितलेल्या गाडीत ८०डब्ल्यू-९० भरलं, तर नाशिकच्या थंडीत सकाळी दुसरा गिअर हट्टाने अडेल. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. आणि नव्वद म्हणजे इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी दाट, असं समजू नकोस. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे; ७५डब्ल्यू-९० गरम झाल्यावर साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच दाट असतं.

हाताने गिअर टाकायच्या काही गिअरबॉक्सनाही ऑटोमॅटिकचं एटीएफ लागतं, होंडा स्वतःचं एमटीएफ सांगते. म्हणून माझंही ऐकू नकोस, गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघ.

तेल बदलताना शेजारी उभी राहा. आधी वरचा भरायचा नट उघडायला सांग, मगच खालचा. वरचाच गंजून अडकला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसशील. खालच्या नटाला बहुधा चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरू नकोस, ती नेहमीची झीज. धातूचे कपचे दिसले तर मात्र तिथेच थांबव. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे हमखास बघ. वॉशर नवा घालायला लाव. गाडी सपाट जागी उभी असू दे आणि तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरू दे.

आज घरी गेल्यावर मॅन्युअलमधल्या तेलाच्या पानाचा फोटो काढून मला पाठव, आणि सीलबंद डबा तुझ्यासमोर उघडल्याशिवाय पैसे देऊ नकोस.