परसातल्या बारा कोंबड्यांचा खर्च किती?

परसात बारा कोंबड्या पाळायच्या तर पहिल्या वर्षी साधारण ११ हजार रुपये घालावे लागतात, आणि त्यातले अडीच-तीन हजार त्या वर्षी सुटत नाहीत. हे आधीच सांगते, कारण ‘खरकट्यावर वाढतात, खर्च तो कसला’ असं ऐकून पिलं आणणारे पहिल्याच पावसाळ्यात हात टेकतात. आकडे माझ्या वहीतले आहेत, रत्नागिरीकडच्या एका वाडीतले. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

गिरिराज जातीचं एका दिवसाचं पिलू मला ३५ रुपयांना मिळतं, महिन्याचं १२० ला. पहिल्यांदा पाळणाऱ्याने महिन्याचंच घ्यावं. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग ती हळूहळू कमी करायची. रात्री लाइट गेली की पिलं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. माझी पहिल्या खेपेला २० तली ८ अशीच गेली. स्वस्तातलं पिलू शेवटी महागात पडलं. घरात गावठी कोंबडी खुडूक बसली असेल तर गोष्टच वेगळी. तिच्याखाली १०-१२ अंडी बसवा, एकविसाव्या दिवशी पिलं बाहेर पडतात आणि ऊब तीच देते. जत्रेतली हिरवी-गुलाबी रंगवलेली पिलं मात्र घेऊ नका. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली नरपिलं असतात. अंडी देणार नाहीत आणि अंगही धरणार नाहीत.

सगळ्यात मोठा खर्च खुराड्याचा. जुनं लाकूड, दोन पत्रे, जाळी आणि सुताराची मजुरी धरून मला ४,५०० रुपये लागले. इथे काटकसर करू नका. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी लावा आणि तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. कोकणातल्या पावसात ओल लागलेली कोंबडी टिकत नाही. खाली भाताच्या तुसाची तीन बोटं जाड गादी असावी. एका संध्याकाळी माझ्याकडून कडी लावायची राहिली. सकाळी चार तलंगा मानेपाशी फोडलेल्या पडल्या होत्या आणि उरलेल्या दिवसभर माडाखाली उतरल्या नाहीत. तेव्हापासून दाराला दोन कड्या आहेत.

लसीचा खर्च किरकोळ, पण चुकला तर सगळं जातं. मानमोडीची साथ वाडीत शिरली की आठवड्यात खुराडी रिकामी होतात. त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठ आठवड्यांच्या सुमारास सुईची लस. महिन्याची पिलं घेताना कुठल्या लसी झाल्या ते विचारून लिहून घ्या. कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवावा, कुपी बर्फातून आणावी आणि सगळ्यांच्या कोंबड्या उरकाव्या. जंताच्या औषधासह मला वर्षाला ३०० रुपये पडतात. आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

खाद्य म्हणजे मक्याचा भरडा, तांदळाची कणी, थोडी पेंड आणि सुकटीचा चुरा. किलोला ३० रुपये. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला वरून ६० ग्रॅम पुरतं, बाकी ती किडे-वाळवी वेचून भागवते. १२ पक्ष्यांना ४ महिने म्हणजे २,६०० रुपये. पुढे अंड्यावरच्या ५ कोंबड्यांना ७ महिने, १,९०० रुपये. पिलांचे १,४४० आणि भांड्यांचे ५०० धरा, की एकूण ११,२४० होतात. बारांतले दोन पक्षी जाणार, उरलेल्यांत निम्मे नर, असं धरून चालते. ५ कोंबड्यांची त्या वर्षातली ३७५ अंडी १२ रुपयांनी ४,५०० ची. ५ कोंबडे सरासरी ८०० चे, म्हणजे ४,०००. तूट २,७४०. खुराडं पाच-सहा वर्षं चालतं, म्हणून दुसऱ्या वर्षापासून हात मोकळा होतो.

कोंबडा विकायचा की घरी कापायचा? मी घरी म्हणते, पण सगळा वापरणार असाल तरच. सव्वादोन किलोच्या कोंबड्याचं जेमतेम दीड किलो मटण निघतं. उरलेलं टाकलं तर पाऊण किलोला दाणा घालून उपयोग काय? पिसं काढायला पाणी उकळतं नको, कातडं फाटतं. बोट क्षणभरही टिकणार नाही इतकं कडक पुरे. मग हळद चोळून आगीवर भाजायचा. पाय सोलून, नखं उडवून, मान आणि पंखांच्या टोकांसह आलं-मिरी घालून उकळले की आजारी माणसाला द्यावं असं सूप होतं. पेटा चिरला की आत वाळूचे खडे निघतात; एकदा हिरव्या बांगडीची गुळगुळीत झालेली काच निघाली होती. पिवळं अस्तर सोलून पेटा काळजाबरोबर सुका परतावा. म्हातारी कोंबडी कापली तर पोटात पिवळ्या बलकांचा घड मिळतो, काही मण्याएवढे, काही लिंबाएवढे. तो उकळत्या रश्शात शेवटी सोडायचा. अशा कोंबडीचं मटण मऊ व्हायला तास-दीड तास लागतो, पण वड्यांबरोबर तोच रस्सा खरा.

पिसं आणि आतडी माडाच्या आळ्यात दोन फूट खोल पुरा, वर पुरलंत तर कुत्री उकरतात. पिसं कुजायला महिने लागतात, पण नत्र भरपूर देतात. खुराड्यातलं तूस दोन-तीन महिने कुजवूनच मिरचीला घाला. ताजं घातलं तर रोप जळतं. अंड्यांची टरफलं भाजून चुरडा आणि कोंबड्यांनाच परत द्या.

आजाराने मेलेला पक्षी मात्र खाऊ नका, विकूही नका. चुना घालून खोल पुरा. एकदम चार-पाच मेले तर दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. तो बर्ड फ्लूही असू शकतो; देशात तो पहिल्यांदा आढळला २००६ मध्ये, आपल्याच राज्यातल्या नवापूरला.

खुराडं आधी बांधा. पिलं जूनमध्ये आणू नका. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात आणा.