कानस हातात घेण्यापूर्वी

मी ओहायोत काळ्या दारूची नेमबाजी करतो. माझ्याकडे कोल्टच्या 1851च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली प्रतिकृती आहे, 36 कॅलिबरची, सहा बारी. ती मी जुन्या बाजारातून घेतली. रेंजवर एकदा बार काढला आणि शेजारच्या नेमबाजाने दंड चोळत माझ्याकडे पाहिलं. त्याला शिशाचे बारीक कण टोचले होते. मी तिथेच नेमबाजी थांबवली.

सिलिंडरमधलं गोळीचं घर नळीच्या समोर नेमकं आलं नाही, तर गोळी नळीच्या कडेवर घासते आणि तासलं गेलेलं शिसं बाजूच्या फटीतून उडतं. हे नेमकेपण दोन तुकड्यांवर अवलंबून असतं. घोड्याला जोडलेला ‘हँड’ सिलिंडरच्या मागचे दाते ढकलून त्याला फिरवतो. खालून वर येणारा ‘बोल्ट’ सिलिंडरच्या खाचेत बसून त्याला अडवतो. घोडा पूर्ण चढणं आणि बोल्ट खाचेत बसणं जवळजवळ एकाच क्षणी व्हायला हवं.

तपासणी घरी होते. आधी सिलिंडरची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा. घरांमागच्या निपलवर बार पेटवणारी एकही टोपी नको. मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश चढवा. झटक्याने चढवलात, तर सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन खाचेत बसतं आणि दोष लपतो. तपासून झालं की घोडा अंगठ्याने धरून उतरवा; मोकळा आपटला तर निपल चेपतात.

घोडा पूर्ण चढला, पण सिलिंडर अडलं नाही, तर हँड आखूड पडतोय किंवा त्याची पातळ स्प्रिंग मोडली आहे. सिलिंडर आधीच अडलं आणि घोडा पुढे जोर लावून चढवावा लागतोय, तर हँड लांब आहे. सिलिंडर खाच ओलांडून पुढे गेलं, तर बोल्ट उशिरा उठतोय किंवा त्याची स्प्रिंग मंदावली आहे. सिलिंडरभोवती गोल ओरखडा उमटला असेल, तर बोल्ट लवकर उठून घासत असण्याची शक्यता मोठी.

ही तपासणी सहाही घरांवर करा. दोष सगळीकडे सारखा असेल, तर संशय हँड, बोल्ट किंवा स्प्रिंगवर. एखाद्याच घरावर असेल, तर तिथला दाता किंवा खाच पाहा. माझ्या रिव्हॉल्व्हरचा दोष सहाही घरांवर होता. उघडल्यावर हँडच्या टोकावर कानशीच्या रेघा दिसल्या. घोडा जड चढतो म्हणून आधीच्या मालकाने हँड घासला असावा.

खरं तर घोडा जड चढण्याची साधी कारणं आधी पाहायची असतात. फुटलेल्या टोपीचा तुकडा आत पडलेला असतो, सिलिंडरच्या दांड्यावर काजळी साचलेली असते, किंवा नळीची पाचर जास्त ठोकल्याने नळी सिलिंडरला टेकलेली असते. कोमट साबणपाणी, तेल आणि पाचर सैल करणारा एक हलका ठोका, एवढ्याने पुष्कळदा काम भागतं.

एवढं करूनही दोष राहिला, तर एका वेळी एकच भाग बदला आणि पुन्हा तपासा. नवा हँड सहसा मुद्दाम थोडा लांब मिळतो. तो बारीक दगडावर घासायचा आणि दर वेळी बसवून पाहायचा. सिलिंडरच्या दात्यांना आणि घोडा अडकतो त्या खाचांना हात लावू नका. त्या खाचा बिघडल्या, तर चाप न ओढताही घोडा पडू शकतो. मी नवा हँड गनस्मिथकडून बसवून घेतला. तेव्हापासून शिसं उडालेलं नाही.

घासलेला धातू परत येत नाही. म्हणून आधी साफ करा, मग तपासा, मग भाग बदला. कानस सगळ्यात शेवटी. आणि शिसं बाजूला उडताना दिसलं, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या रिव्हॉल्व्हरमधून पुढचा बार काढू नका.