इंटर्नशिपची मुलाखत : पूर्वतयारी आणि एक अवघड प्रश्न

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे सांगण्यात आले, तेव्हा आमच्या इतिहास विषयावर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु अलीकडे सुटीत भेटावयास येणारे माजी विद्यार्थी एकच विषय काढतात : "सर, कंपनीत इंटर्नशिपची मुलाखत आहे. काय विचारतील?" आम्ही जन्मभर शाळेत शिकविले, कंपनीचा उंबरठा ओलांडण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाही. तथापि या मुलामुलींच्या हकिकती ऐकून आणि त्यांच्यासोबत सराव करून जे उमगले, ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

इंटर्नशिप म्हणजे काय?

पदवीचे शिक्षण चालू असताना ठरावीक काळ प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी राहून शिकणे म्हणजे इंटर्नशिप. अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखांत ती बहुधा उन्हाळी सुटीत सहा ते आठ आठवड्यांची, किंवा अखेरच्या सत्रात सहा महिन्यांची असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांतही अशा कार्यानुभवाला स्थान मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत, मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांचे काम व आरंभी दरमहा ५,००० रुपये साहाय्य अशी तरतूद होती. पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या काळात ज्याचे काम पसंत पडते, त्याला पुष्कळदा तीच कंपनी पुढे नोकरी देऊ करते. म्हणून ही मुलाखत किरकोळ समजू नये.

मुलाखतीचे टप्पे

पहिला टप्पा अर्जाचा. परिचयपत्र एका पानाचे पुरे. त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. म्हणून जे येत नाही ते लिहू नये. दुसरा टप्पा ऑनलाइन चाचणीचा. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, तर्क आणि इंग्रजी आकलन हा तिचा गाभा. यातील गणित आठवी ते दहावीचेच असते. अडचण असते ती वेळेची. घड्याळ लावून सराव केल्यास ती दूर होते. काही कंपन्या त्यानंतर गटचर्चा घेतात. तेथे मोठ्याने बोलणाऱ्यापेक्षा दुसऱ्याचे ऐकून मुद्दा पुढे नेणारा उठून दिसतो.

त्यानंतर विषयज्ञानाची मुलाखत. येथे परीक्षक महाविद्यालयातील प्रकल्पावर विचारतात : तो का निवडला, तुमचा वाटा कोणता, कोठे अडले. प्रकल्प मित्राकडून उतरवून घेतलेला असेल, तर दुसऱ्याच प्रश्नाला ते उघड होते. उत्तर येत नसल्यास "मला हे ठाऊक नाही, परंतु शोधायचे झाल्यास मी येथून आरंभ करीन" असे सांगावे. नवख्याला सर्व यावे अशी अपेक्षा नसते. तो विचार कसा करतो, हे पाहिले जाते.

अखेरीस मनुष्यबळ विभागाची मुलाखत, म्हणजेच 'एचआर राउंड'. "स्वतःविषयी सांगा" हा तिचा ठरलेला आरंभ. शिक्षण, केलेले एखादे काम आणि ही जागा का हवी, एवढे दीड मिनिटात सांगावे. "एखादा कठीण प्रसंग कसा हाताळला?" या प्रश्नाचे उत्तर प्रसंग, जबाबदारी, कृती व परिणाम या क्रमाने द्यावे. वसतिगृहातील मुलांकडे अशा प्रसंगांची वाण नसते. भोजनगृहाचा हिशेब ठेवणे, आजारी सोबत्याला रात्री दवाखान्यात नेणे, ग्रंथालयाची नोंदवही सांभाळणे, हे सर्व अनुभवच आहेत. आमची मुले ते सांगण्याजोगे मानीत नाहीत, एवढेच. शेवटी "तुम्हांला काही विचारायचे आहे का?" असे म्हटल्यास काम कोणत्या विभागात असेल, मार्गदर्शन कोण करील, हे अवश्य विचारावे.

इंग्रजीची धास्ती अनेकांना असते. लहान वाक्ये, सावकाश आणि स्पष्ट बोलावीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. पोशाख स्वच्छ व इस्त्री केलेला असावा. उसना कोट नको. मुलाखत ऑनलाइन असेल तर नेटवर्क चांगले असलेली शांत खोली आदल्या दिवशीच पाहून ठेवावी.

अवघड प्रश्न

आता ज्यासाठी हा लेख मुख्यत्वे लिहिला, तो मुद्दा. काही वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याला एका कंपनीत विचारण्यात आले, "वडील काय करतात?" वडील नगरपालिकेत सफाई कामगार. मुलगा गडबडला आणि "शेती" म्हणाला. लगेच पुढचे प्रश्न आले : किती एकर? यंदा काय पेरले? त्याला उत्तरे देता येईनात. निवड झाली नाही. आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "सर, जागा गेली त्याचे काही नाही. पण मी बाबांना नाकारले." त्या दिवशी आम्हां शिक्षकांनाही आमची चूक कळली. आम्ही त्याच्याकडून सनावळ्या आणि सूत्रे घोटून घेतली. या प्रश्नाची तयारी कधी करून घेतली नाही.

हा प्रश्न सहज विचारला जातो. पण त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुणवत्तेचा आग्रह धरणारे अनेक मनुष्यबळ अधिकारी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही महत्त्वाची मानतात, असे आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी, सारख्याच पात्रतेचे पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले; दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी असल्याचे दिसले. संविधानातील सेवाविषयक आरक्षण खासगी कंपन्यांना लागू नाही. म्हणून हे वास्तव मुलांपासून लपवू नये. आणि प्रत्येक नकाराचे कारण तेच, असेही त्यांच्या मनात भरवू नये.

मग उत्तर कसे द्यावे? खरे, थोडक्यात आणि मान वर ठेवून. दुसऱ्या एका विद्यार्थिनीने असे उत्तर दिले : "आई-वडील ऊसतोड करतात. दरवर्षी सहा महिने ते गावाबाहेर असत, म्हणून मी लहानपणापासून वसतिगृहात राहिले. धाकट्या भावाचा अभ्यास आणि खर्च मीच पाहत असे. वेळेचा आणि पैशाचा हिशेब मी तेथे शिकले." या उत्तरात दयेची याचना नाही आणि असत्यही नाही. पहिल्या ठिकाणी तिची निवड झाली नाही. दुसऱ्या ठिकाणी झाली. जात विचारली गेल्यास "याचा कामाशी संबंध कसा आहे, ते कृपया सांगाल का?" असे शांतपणे म्हणता येते. विवाहाविषयीच्या प्रश्नालाही मुलींनी हेच उत्तर द्यावे.

पालकांसाठी दोन शब्द

इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून कोणी नोंदणी शुल्क वा अनामत मागितल्यास एक रुपयाही देऊ नये; मागणारा बहुधा फसविणारा असतो. काम, कालावधी व विद्यावेतन लेखी मिळाल्याशिवाय मुलाला परगावी पाठवू नये. नकार आला तर घरात त्याचा उच्चार दोषारोपासारखा करू नये.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी जे कंपन्यांत स्थिरावले आहेत, त्यांनी वर्षातून दोन रविवार वसतिगृहात येऊन मुलांच्या सराव मुलाखती घ्याव्यात. त्या मुलाखतीत "वडील काय करतात?" हा प्रश्न प्रथम विचारावा. तो येथे, आपल्या माणसांत, एकदा नीट उत्तरला गेला की बाहेर कोणत्याही मुलाला आपल्या बापाचे काम लपवावे लागणार नाही.