सगळ्याच बाटल्या 'सलाईन' नसतात

जुलाब-उलट्यांनी पोर गळून गेलं की आपण म्हणतो, "डॉक्टर, सलाईन लावा!" पण टांगलेल्या प्रत्येक बाटलीत सलाईनच असतं असं नाही. लेबल वाचा. नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरमागे 9 ग्रॅम मीठ. रिंगर लॅक्टेटमध्ये थोडं पोटॅशियमही असतं, शिवाय त्यातल्या लॅक्टेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. जुलाबात नेमकं हेच दोन्ही वाहून जातं. म्हणून अंगातलं पाणी फारच कमी झालं तर पहिली पसंती रिंगरला. ते नसेल तर नॉर्मल सलाईन. नुसतं ग्लुकोज इथे चालत नाही. "ताकद येते" म्हणून आपणच ते मागतो! साखर पेशी वापरतात, उरलेलं पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, नाडी क्षीणच राहते. आणि मूल पिऊ शकत असेल तर बाटली लागेपर्यंत ओआरएस पाजत राहावं, घोटघोट.