वारा फुकट, मग पवनचक्की महाग का?

"सर, वारा तर फुकट आहे, मग पवनचक्की एवढी महाग का?" मुलं हमखास विचारतात. उत्तर नुसतं लोखंडात नाही, ज्ञानातही आहे.

नवे तंत्र शोधणाऱ्याला 20 वर्षांपर्यंत त्यावर हक्क मिळतो, त्याला पेटंट म्हणतात. साऱ्या जगासाठी एकच पेटंट नसते. ते देशोदेशी वेगळे घ्यावे लागते. जिथे घेतलेले नाही, तिथे ते तंत्र कोणीही वापरू शकतो. पेटंट असेल तर मात्र मालकाकडून परवाना, म्हणजेच लायसन्स, घ्यायचे आणि रॉयल्टी मोजायची.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनचेच बघा. कापड धंद्यात विजेच्या खर्चाने बेजार झालेले तुलसी तांती 1995 मध्ये पवनऊर्जेत उतरले. तंत्रज्ञान जर्मनीच्या स्यूडविंड कंपनीकडून घेतले. पुढे ती कंपनी बुडाली, तेव्हा सुझलॉनने तिचे अभियंते कामावर घेतले आणि स्वतःच्या पवनचक्क्यांची रचना सुरू केली.

मुलांना एवढं जरूर सांगा: परवान्यावर यंत्र बनवता येतं, पण ते सुधारायचं तर स्वतः शिकावंच लागतं. शेजाऱ्याची वही उतरवून घेणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे, नाही का?