झोपलेले जंतू आणि सहा महिन्यांच्या गोळ्या

“डॉक्टरसाहेब, ताप गेला, खोकला गेला, वजन वाढलं. आता कशाला गोळ्या?” दोन महिने नेमाने टीबीचे औषध घेतलेले एक शेतकरी मला विचारत होते. बेडक्यातही जंतू दिसत नव्हते. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर वाचकांपुढेही ठेवतो.

क्षयाचे जंतू फुफ्फुसात शिरले की आपल्या संरक्षक पेशी त्यांच्याभोवती कडे करतात. त्या गाठीत प्राणवायू कमी पडतो. शिवाय या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडून जंतूंना बेजार करतात. हा जंतू मात्र अशा वेळी आपला कारभारच बदलतो. त्याच्याजवळ सुमारे ४,००० जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची कृती. सगळ्या कृती एकाच वेळी वापरात नसतात. प्राणवायू घटला की डॉस-एस आणि डॉस-टी ही दोन पहारेकरी प्रथिने डॉस-आर या तिसऱ्या प्रथिनाला इशारा देतात. डॉस-आर डीएनएवर ठरावीक जागी जाऊन चिकटते आणि सुमारे ५० जनुके एकदम कामाला लागतात. जंतूची वाढ थांबते. साठवलेल्या चरबीवर तो, कणगीतल्या बियाण्यासारखा, पडून राहतो. या संशोधनात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचाही वाटा आहे.

आता औषधांकडे वळू. आयसोनियाझिड जंतूला नवी भिंत बांधू देत नाही. पण ज्याने बांधकामच थांबवले आहे, त्याला त्याचे काय? वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, रोग्याला बरे वाटते; सुस्त पडलेले मागे उरतात. रिफॅम्पिसिन त्यांनाही मारते, पण सावकाश. म्हणून साध्या क्षयाला दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन.

झोपलेला जंतू म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू नव्हे. जागा झाला की त्याच गोळीने तो मरतो. न जुमानणाऱ्या जंतूंच्या जनुकांतच बदल झालेला असतो, आणि गोळ्या मध्येच सोडल्या, अधूनमधून घेतल्या, की नेमके तेच फोफावतात.

“मग डॉस-आरलाच अडवलं तर?” शेतकऱ्यांनी विचारले. तसे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत, दवाखान्यात ते औषध अजून आलेले नाही, असे मी सांगितले. त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या. दाराशी थबकून, जरा संकोचत विचारले, “लघवी नारिंगी होते, ती कशानं?” ती रिफॅम्पिसिनने. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.